ठाण्याच्या पायरीवर कोणता कागद मागायचा? फौजदारी कायद्याला वळण देणारे निकाल, सोप्या भाषेत

जिंतूर : बांधावरून मारामारी होते. ज्याला मार लागला तो ठाण्यात जातो आणि तासाभराने 'एनसी'ची पावती घेऊन बाहेर येतो. गुन्हा दाखल झाला, असं त्याला वाटत असतं. प्रत्यक्षात तपास सुरूच झालेला नसतो. दुसरीकडे कुणाला ठाण्यातून फोन येतो, 'येऊन जा', आणि तो दोन दिवस घरी परतत नाही. घरचे ठाण्याच्या बाहेर झाडाखाली बसून राहतात. आत काय चाललंय, कुणाला विचारायचं, हे त्यांना माहीत नसतं.

या दोन्ही वेळी काय मागायचं, हे न्यायालयांनी केव्हाच ठरवून दिलं आहे. राज्यघटनेच्या कलम 141 प्रमाणे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलेला कायदा देशातल्या सगळ्या न्यायालयांवर बंधनकारक असतो. त्यामुळे दिल्लीत लागलेला निकाल जिंतूर, बोरी, बामणी, चारठाणा इथल्या ठाण्यांनाही लागू होतो. 1 जुलै 2024 पासून भारतीय दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आणि फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता आली. कलमांचे आकडे बदलले. तरतूद तीच असेल तिथे जुने निकाल अजूनही चालतात.

गाजलेला खटला म्हटलं की बहुतेकांना नानावटी प्रकरण आठवतं, त्यावर सिनेमेही निघाले. पण 1959 साली मुंबईत एका नौदल अधिकाऱ्याने केलेल्या खुनाचा तो खटला ठाण्यात उभ्या असलेल्या माणसाच्या काही कामाचा नाही. कामाचे निकाल वेगळे आहेत आणि त्यांची नावं फारशी कुणाला माहीत नसतात.

एनसी आणि एफआयआर

गुन्हे दोन प्रकारचे. दखलपात्र गुन्ह्यात पोलीस स्वतःहून तपास आणि अटक करू शकतात. अदखलपात्र गुन्ह्यात न्यायदंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय तपास करता येत नाही. तिथे फक्त नोंद होते, तीच एनसी.

मारामारीत सगळा खेळ जखमेवर असतो. साधी दुखापत अदखलपात्र आहे. हाड मोडलं, निखळलं किंवा दात पडला तर ती गंभीर दुखापत होते आणि गुन्हा दखलपात्र ठरतो. जखमेमुळे 15 दिवस तीव्र वेदना राहिल्या किंवा माणूस रोजची कामं करू शकला नाही, तरीही ती गंभीरच. जुन्या कायद्यात ही मुदत 20 दिवसांची होती. कोयता, कुऱ्हाड अशा हत्याराने केलेली दुखापत साधी असली तरी गुन्हा दखलपात्र होतो. म्हणून आधी सरकारी दवाखाना. हळद लावून घरी बसलेल्या माणसाची जखम कागदावर येत नाही आणि पुढे कोर्टात ती दाखवायला काही उरत नाही.

गुन्हा दखलपात्र असेल तर एफआयआर नोंदवणं पोलिसांच्या मर्जीवर नाही. हे सांगणारा निकाल म्हणजे ललिता कुमारी विरुद्ध उत्तर प्रदेश सरकार, 12 नोव्हेंबर 2013. एका लहान मुलीच्या अपहरणाची तक्रार वडिलांनी दिली, पण पोलीस हलले नाहीत. प्रकरण सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींपुढे गेलं. तक्रारीवरून दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवलाच पाहिजे, तक्रार खरी की खोटी हे तपासात पाहायचं, असं न्यायालयाने सांगितलं. नवरा-बायकोचे वाद, पैशाचे व्यवहार, डॉक्टरांचा हलगर्जीपणा, भ्रष्टाचार, फार उशिरा आलेली तक्रार अशा थोड्या बाबींतच आधी चौकशीची मुभा ठेवली.

नव्या कायद्याने यात थोडी भर घातली. तीन वर्षांपासून सात वर्षांच्या आत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात डीवायएसपींच्या परवानगीने 14 दिवसांत प्राथमिक चौकशी करता येते. तेव्हा 'चौकशी चालू आहे' हे उत्तर नेहमीच खोटं नसतं. पण ते 14 दिवसांपुरतं खरं असतं, दोन महिन्यांनी नाही.

घटना कुठल्याही हद्दीत घडली तरी जवळच्या ठाण्यात तक्रार देता येते, हाच 'झिरो एफआयआर'. 'तुमचं गाव आमच्या हद्दीत येत नाही' म्हणून परत पाठवता येत नाही. ऑनलाइन माहिती दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करावी लागते. एफआयआरची प्रत फिर्यादीला किंवा पीडिताला लगेच आणि मोफत मिळते. झेरॉक्सचे पैसेसुद्धा द्यायचे नसतात.

ठाण्यात तक्रार घेतलीच नाही तर? नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173(4) प्रमाणे तीच तक्रार लिहून परभणीला पोलीस अधीक्षकांकडे पोस्टाने पाठवायची. पावती राहील अशा पोस्टाने पाठवलेलं बरं. तिथेही काही झालं नाही तर शपथपत्रासह न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. वकील मंडळी आजही या अर्जाला 'एकशे छप्पन-तीन' म्हणतात, नवीन कलम 175(3). एसपींकडे आधी अर्ज केल्याचा पुरावा आणि शपथपत्र नसेल तर हा अर्ज टिकत नाही. म्हणून ती पोस्टाची पावती जपून ठेवायची.

अ‍ॅट्रॉसिटीच्या गुन्ह्याचं वेगळं आहे आणि त्यामागे महाराष्ट्रातलाच खटला आहे. कराडच्या शासकीय औषधनिर्माण महाविद्यालयातल्या एका प्रकरणातून सुभाष काशिनाथ महाजन विरुद्ध महाराष्ट्र राज्य हा निकाल 20 मार्च 2018 रोजी आला. अ‍ॅट्रॉसिटी कायद्याखाली गुन्हा नोंदवण्याआधी प्राथमिक चौकशी होऊ शकते आणि अटकेआधी वरिष्ठांची मंजुरी लागते, असं त्यात म्हटलं होतं. त्याविरोधात 2 एप्रिल 2018 रोजी देशभर बंद झाला. ऑगस्टमध्ये संसदेने कायद्यात कलम 18-अ घालून या दोन्ही अटी काढल्या आणि 1 ऑक्टोबर 2019 रोजी न्यायालयाने आपले ते निर्देश स्वतःच मागे घेतले. गावात अजूनही कुणी 'अ‍ॅट्रॉसिटीत आधी चौकशी लागते' असं सांगत असेल तर ते 2018 च्या त्या जुन्या निकालावर बोलत आहेत.

अटक करायची का, हा वेगळा प्रश्न

गुन्हा दाखल झाला म्हणजे अटक झालीच पाहिजे, असा समज फिर्यादी आणि आरोपी दोघांचाही असतो. 'अजून उचललं कसं नाही?' हा प्रश्न रोज ठाण्यात विचारला जातो. अर्नेश कुमार विरुद्ध बिहार राज्य या 2 जुलै 2014 च्या निकालाने याचं उत्तर दिलं. सात वर्षांपर्यंत शिक्षा असलेल्या गुन्ह्यात अटक का गरजेची आहे, याची कारणं पोलिसांनी लिहून द्यायची. गरज नसेल तर नोटीस द्यायची. नोटिशीप्रमाणे माणूस हजर राहिला आणि सहकार्य केलं तर सहसा अटक होत नाही. नव्या कायद्यात हे कलम 35(3) आहे. त्याच कलमात आणखी एक सोय आहे: तीन वर्षांच्या आत शिक्षेचा गुन्हा असेल आणि माणूस साठीच्या पुढचा किंवा आजारी-दुबळा असेल तर डीवायएसपींच्या परवानगीशिवाय अटक करता येत नाही.

नोटीस कशी यायला हवी, हेही ठरलं आहे. सतेंदर कुमार अंतिल प्रकरणात 21 जानेवारी 2025 रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कलम 35 ची पोलीस नोटीस व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून चालणार नाही. ती रीतसर हातात पडली पाहिजे. न्यायालयाचं समन्स वेगळं, ते नव्या कायद्याने इलेक्ट्रॉनिक पद्धतीनेही येऊ शकतं. मात्र व्हिडिओ कॉलवर वर्दी घातलेला माणूस 'तुम्हाला डिजिटल अरेस्ट केलंय' म्हणत पैसे मागत असेल तर तो भामटा आहे. डिजिटल अरेस्ट नावाचा प्रकार कुठल्याच कायद्यात नाही.

महिलांसाठी दोन गोष्टी लक्षात ठेवण्यासारख्या. साक्षीदार म्हणून जबाब घ्यायचा असेल तर महिलेला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी घरी यायचं. 15 वर्षांखालची मुलं, साठीपुढची माणसं, अपंग आणि गंभीर आजारी यांनाही हीच सवलत आहे. आणि सूर्यास्तानंतर सूर्योदयापर्यंत महिलेला अटक होत नाही. अपवादाची वेळ आली तर महिला अधिकारी आणि न्यायदंडाधिकाऱ्यांची आधी परवानगी लागते.

अटकेचे कागद

ज्या निकालाने ठाण्याच्या आतलं काम बदललं तो डी. के. बसू विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य. त्याची सुरुवात एका पत्राने झाली. बंगालमध्ये मोफत कायदेशीर मदत देणाऱ्या संस्थेचे प्रमुख असलेल्या बसू यांनी कोठडीतल्या मृत्यूंच्या बातम्या वाचून 1986 मध्ये सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं. न्यायालयाने त्या पत्रालाच याचिका मानलं. निकाल आला 18 डिसेंबर 1996 रोजी, दहा वर्षांनी.

त्यात पोलिसांसाठी अकरा सूचना आहेत. अटक करणाऱ्याच्या छातीवर नाव दिसलं पाहिजे. अटकेचा पंचनामा, म्हणजे अरेस्ट मेमो, जागेवरच करायचा. त्यावर घरच्या माणसाची किंवा गावातल्या प्रतिष्ठित माणसाची साक्ष घ्यायची, वेळ आणि तारीख टाकायची, अटक झालेल्याचीही सही घ्यायची. नातेवाइकाला कळवायचं. कोठडीत दर 48 तासांनी वैद्यकीय तपासणी. चौकशीच्या वेळी पूर्णवेळ नाही, पण वकिलाला भेटू द्यायचं. यातलं बरंचसं आता कायद्यातच आलं आहे. प्रत्येक ठाण्यात अटकेची माहिती देणारा एक नेमलेला अधिकारी असतो आणि अटक झालेल्यांची नावं फलकावर लावावी लागतात. बाहेर झाडाखाली बसलेल्यांनी आधी तो फलक पाहायचा आणि त्या अधिकाऱ्याला विचारायचं.

सही करताना वेळ नीट पाहायची. अटकेपासून 24 तासांत, प्रवासाचा वेळ सोडून, न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. मेमोवर दुसऱ्या दिवशीची तारीख पडली की तो हिशेबच बदलतो. शेवटी कोर्टात मेमो दाखवला जातो, तोंडी सांगितलेली वेळ नाही.

यात अगदी अलीकडची भर मुंबईतून पडली. वरळीतल्या एका वाहन अपघाताच्या खटल्यात, मिहीर राजेश शाह विरुद्ध महाराष्ट्र राज्य, सर्वोच्च न्यायालयाने 6 नोव्हेंबर 2025 रोजी सांगितलं की अटकेची कारणं प्रत्येक गुन्ह्यात लेखी द्यायची, आणि तीही अटक झालेल्याला समजेल त्या भाषेत. लगेच लिहून देणं शक्य नसेल तर तोंडी सांगायची, पण कोठडीसाठी कोर्टात नेण्याच्या किमान दोन तास आधी कागद हातात पडलाच पाहिजे. नाहीतर अटक आणि कोठडी दोन्ही बेकायदा ठरतात. मराठी माणसाला त्याला न वाचता येणाऱ्या भाषेत कारणं दिली तर ती दिली असं होत नाही. आरोपी मोठ्या घरचा होता म्हणून त्या खटल्याची चर्चा झाली, पण नियम जिंतूरच्या ऊसतोड मजुरालाही तोच आहे.

कॅमेऱ्यांचंही ठरलं आहे. परमवीर सिंग सैनी प्रकरणात 2 डिसेंबर 2020 रोजी प्रत्येक ठाण्यात प्रवेशद्वार, व्हरांडा, लॉकअप अशा सगळ्या ठिकाणी सीसीटीव्ही लावायला आणि चित्रण 18 महिने, ते शक्य नसेल तर किमान एक वर्ष, जपायला सांगितलं. मारहाणीची तक्रार असेल तर त्या दिवसाचं चित्रण राखून ठेवा, असा लेखी अर्ज लवकरात लवकर द्यावा लागतो. उशीर झाला तर ते पुसलं जातं.

परभणीचं प्रकरण

हे सगळं परभणी जिल्ह्याला पुस्तकातून शिकावं लागलं नाही. 10 डिसेंबर 2024 रोजी परभणी रेल्वे स्थानकासमोर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याजवळच्या संविधानाच्या प्रतिकृतीची विटंबना झाली. दुसऱ्या दिवशीच्या बंदला हिंसक वळण लागलं आणि धरपकड झाली. त्यात कायद्याचं शिक्षण घेणारे सोमनाथ सूर्यवंशी होते. आधी पोलीस कोठडी, मग न्यायालयीन कोठडी, आणि 15 डिसेंबरला त्यांचा मृत्यू झाला. शवविच्छेदनाच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेल्या धक्क्याचा उल्लेख होता.

कोठडीत मृत्यू झाला तर न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करावी लागते. ती झाली. पण एफआयआर काही नोंदवला जात नव्हता. सोमनाथ यांच्या आईने मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठात याचिका केली आणि प्रकाश आंबेडकर यांनी बाजू मांडली. 4 जुलै 2025 रोजी खंडपीठाने आईच्या तक्रारीवर एका आठवड्यात गुन्हा नोंदवण्याचा आदेश दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं, 30 जुलैला तिथेही त्याला दाद मिळाली नाही.

गुन्हा नोंदवणं म्हणजे कुणी दोषी ठरलं असं नाही, ते खटल्यात ठरतं. पण एका आईला मुलाच्या मृत्यूचा एफआयआर मिळवायला सात महिने आणि दोन न्यायालयं लागली. 2013 सालीच ललिता कुमारी निकाल आलेला असताना हे घडलं.

चुकलेल्या निकालाने बदललेला कायदा

सगळेच निकाल अभिमानाने सांगावेत असे नाहीत. 26 मार्च 1972 च्या रात्री देसाईगंज ठाण्यात, तेव्हाचा चंद्रपूर आणि आताचा गडचिरोली जिल्हा, एका अल्पवयीन आदिवासी मजूर मुलीवर दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने दोघांना सोडलं, नागपूर खंडपीठाने दोषी धरलं, आणि तुकाराम विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सप्टेंबर 1978 मध्ये पुन्हा सोडलं. मुलीच्या अंगावर जखमा नाहीत, म्हणजे तिने विरोध केला नाही, असा तो तर्क होता. रात्री ठाण्यात, दार बंद असताना, पोरीने पोलिसाला कसा विरोध करायचा, हा प्रश्न निकालात आलाच नाही.

उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अभ्यासकांनी 16 सप्टेंबर 1979 रोजी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहून हेच विचारलं. देशभर महिला रस्त्यावर आल्या आणि 1983 मध्ये कायदा बदलला. कोठडीतल्या बलात्काराच्या खटल्यात संबंध आल्याचं सिद्ध झालं आणि बाईने संमती नव्हती असं सांगितलं तर न्यायालयाने तेच धरून चालायचं, अशी तरतूद आली. पीडितेचं नाव छापण्यावर बंदीही याच दुरुस्तीने आली. हे प्रकरण आजही त्या मुलीच्या नावाने ओळखलं जातं, इथे मात्र ते दिलेलं नाही. व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर 'न्याय मिळालाच पाहिजे' म्हणून पीडितेचं नाव आणि फोटो फिरवणाऱ्यांना हे माहीत नसतं की त्यासाठी दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे.

संशय कितीही असला तरी

आरोपी सुटला की गावात म्हणतात, पैसे चारले. कधी कारण वेगळं असतं, आणि त्याचं मूळ इंग्लंडातल्या एका सालगड्याच्या खटल्यात आहे. रेजिनाल्ड वुलमिंग्टन, वय 21, डॉर्सेट परगण्यात शेतावर मजुरी करणारा. बायको माहेरी निघून गेली होती. डिसेंबर 1934 मध्ये तो मालकाची बंदूक घेऊन तिच्याकडे गेला आणि गोळी सुटून ती मेली. आपण जीव देण्याची धमकी देत होतो, गोळी चुकून सुटली, असं तो म्हणाला. चूक झाली हे तूच सिद्ध कर, असं न्यायाधीशांनी ज्युरीला सांगितलं आणि त्याला फाशी झाली. 1935 मध्ये हाऊस ऑफ लॉर्ड्सने शिक्षा रद्द केली. गुन्हा सिद्ध करणं हे सरकारी पक्षाचं काम, आरोपीने निर्दोषपणा सिद्ध करायचा नसतो, हा नियम तिथे पक्का झाला.

आपल्याकडे तो सर्वांत नेमका मांडला गेला शरद बिरधीचंद सारडा विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1984 च्या निकालात. माहेर बीडचं, सासर पुण्याचं. लग्नाला चार महिने झाले होते. जून 1982 मध्ये सुनेचा पोटॅशियम सायनाईडने मृत्यू झाला. बहिणीला आणि मैत्रिणीला लिहिलेल्या पत्रांत तिने संसारातलं दुःख सांगितलं होतं. पुण्याच्या सत्र न्यायालयाने पतीला फाशी दिली, उच्च न्यायालयाने ती कायम केली. डोळ्यांनी पाहणारा साक्षीदार मात्र नव्हता. सर्वोच्च न्यायालयाने पत्रं पुराव्यात घेतली, तरीही पतीला सोडलं, कारण आत्महत्येची शक्यता पुराव्याने पुसली जात नव्हती.

परिस्थितीजन्य पुराव्यासाठी न्यायालयाने तिथे पाच कसोट्या लावल्या आणि त्यांना पंचशील म्हटलं. थोडक्यात, प्रत्येक दुवा पक्का सिद्ध झालेला हवा, साखळी कुठे तुटायला नको, आणि त्यातून आरोपीनेच केलं यावाचून दुसरा अर्थ निघता कामा नये. 'केलं असेल' आणि 'केलंच आहे' यातलं अंतर मोठं आहे. ज्या बापाची लेक गेली त्याला हे कसं पटावं? पण साखळीतले दुवे जमतात ते पहिल्या दोन दिवसांत. जागेचा पंचनामा, कपडे, फोनमधले मेसेज, शेजाऱ्यांचे जबाब. तिथे ढिलाई झाली की पुढे दहा वर्षं खटला चालूनही ती भरून येत नाही. म्हणून पत्रं, मेसेज पुसायचे नाहीत, फोन विकायचा नाही, आणि पंचनाम्यावर वाचल्याशिवाय पंच म्हणून सही करायची नाही.

वकील परवडत नसेल तर

शीला बारसे या पत्रकाराने मुंबईच्या तुरुंगातल्या 15 महिलांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. पाच जणींनी लॉकअपमध्ये मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. फेब्रुवारी 1983 च्या निकालात न्यायालयाने महिलांसाठी वेगळं लॉकअप, महिला पोलिसांचा पहारा, आणि अटक झाली की जवळच्या विधी सहाय्य समितीला कळवणं बंधनकारक केलं. त्याआधी 1978 मध्ये एम. एच. होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या निकालात न्यायमूर्ती कृष्णा अय्यर यांनी सांगितलं होतं की तुरुंगात जाणाऱ्याला निकालाची प्रत मोफत आणि वेळेत मिळाली पाहिजे, अपिलासाठी वकील परवडत नसेल तर तोही सरकारने द्यायचा.

आज ही सोय तालुका विधी सेवा समितीकडून मिळते. तिचं काम जिंतूरच्या न्यायालयातूनच चालतं, परभणीला जायची गरज नाही. महिला, मुलं, अनुसूचित जाती-जमाती, अपंग आणि कोठडीत असलेला कुणीही, यांना उत्पन्नाचा दाखला न देता मोफत वकील मिळतो. इतरांना उत्पन्नाची अट आहे. टोल फ्री क्रमांक 15100. सर्वोच्च न्यायालयाचे निकाल 'ई-एससीआर' या संकेतस्थळावर मोफत वाचता येतात, काहींचे मराठी अनुवादही तिथे आहेत. अर्जात निकालाचं नाव आणि तारीख लिहायची असेल तर ती तिथून पडताळून घेता येते.